हरिभाऊंची ‘करमणूक’ आणि अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी

देहूहून इंद्रायणी ओलांडून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर सुदुंबरे लागते. तिथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी चाकणचे, तेलाचा घाणा चालवणारे. तुकोबांच्या तोंडून आलेले अभंग ते उतरवून घेत. मूळ वह्या नदीत गेल्यानंतरही जे आपल्यापर्यंत पोचले, त्यात संताजींच्या वह्यांचा मोठा वाटा आहे, असे परंपरा सांगते. पुढे १८६९ मध्ये मुंबई सरकारने दिलेल्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला खंड छापून निघाला. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित हे त्याचे संपादक. पण सरकारला जाग येण्याआधी दोनशेहून अधिक वर्षे हे काम हाताने वह्या उतरवणाऱ्यांनी आणि त्या तोंडपाठ करणाऱ्यांनी केले होते.

आज त्याच चाकणच्या रस्त्याने कंपन्यांच्या बसगाड्या धावतात. सत्तावीस वर्षे मीही त्यातल्या एका बसने गेलो-आलो. आयटीआय करून टूलरूममध्ये लागलो, तिथूनच गेल्या वर्षी बाहेर पडलो. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. वाचनाची सवय मात्र होती, आणि त्यातूनच लिहिण्याचे धाडस झाले. चौदा वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहून पूर्ण केली. ती चार ठिकाणी पाठवली. तीन ठिकाणांहून उत्तर आले नाही. चौथ्या ठिकाणाहून अकरा महिन्यांनी आले. तीनशे प्रती लेखकाने स्वतः विकत घ्याव्यात अशी अट होती. मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलले. त्यातल्या दोनशेवर प्रती अजून आमच्या माळ्यावर गोणपाटात बांधलेल्या आहेत. दुसरी कादंबरी सुरू केली ती दहाव्या प्रकरणावर अडली, त्याला नऊ वर्षे झाली.

हे सांगतो ते तक्रार म्हणून नव्हे. या अनुभवातूनच मला प्रश्न पडला की आपल्या आधीच्या कादंबरीकारांना प्रकाशक कसा मिळाला? आमच्या भागात कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी पुण्याची ग्रंथालये उघडी असतात. गेली कित्येक वर्षे माझे गुरुवार या प्रश्नामागे गेले आणि दरवेळी तो प्रश्न मला एकाच माणसापाशी नेऊन सोडत राहिला. ते म्हणजे हरि नारायण आपटे.

हरिभाऊंच्या आधी

मराठी कादंबरीची सुरुवात सांगताना बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चे, १८५७ चे, नाव घेतले जाते. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. या काळात पुस्तक छापायचे तर लेखकापुढे थोडेच मार्ग होते. एखाद्या मिशनचा आधार, सरकारच्या दक्षिणा प्राइझ कमिटीचे बक्षीस, शिक्षणखात्याने प्रती घेण्याचा हुकूम, नाहीतर आगाऊ वर्गणीदार जमवून त्यांच्या रकमेवर छपाई. त्या काळच्या कितीतरी पुस्तकांत आश्रयदात्यांची लांबलचक यादी आढळते. कोणी किती प्रती घेतल्या तेही त्यात असते. माझ्या तीनशे प्रतींच्या अटीला इतका जुना वंश आहे हे पाहून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

यातल्या प्रत्येक मार्गात पैसे देणाऱ्याची एक अपेक्षा होती. मिशनला धर्माचा बोध हवा, कमिटीला नीती आणि शुद्ध भाषा हवी. वर्गणीदाराला काय हवे हे तर पुस्तक हातात पडेपर्यंत कळायचे नाही. ‘पुढे काय झाले?’ असे विचारणारा वाचक या व्यवहारात कुठेच नव्हता.

तो प्रथम आला मासिकांमुळे. १८६७ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले. त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी आपली ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी त्याच मासिकातून १८७१ मध्ये छापायला घेतली. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडची ही सुरुवातीची क्रमशः कादंबरी लेखकाने स्वतःच्याच मासिकात छापली. लिहिणारा आणि छापायचे ठरवणारा एकच होता. हरिभाऊंच्या बाबतीत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली.

गुरूचा धडा

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक, आगरकर असे शिक्षक लाभले. पुढे कॉलेजात गणिताने दगा दिला आणि पदवी हाती लागली नाही. पदवी नसलेला हा माणूस १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. माझ्यासारख्याला ही गोष्ट वारंवार आठवावीशी वाटते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये वारले, तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी त्यांच्यावर ‘शिष्यजनविलाप’ हे विलापकाव्य लिहिले. शास्त्रीबुवांनी सरकारी नोकरीत असतानाच १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली. ती जवळजवळ एकहाती चालवली. पुढे नोकरी सोडून शाळा, छापखाना, वर्तमानपत्र असे सगळे उभे केले. आपल्याला जे म्हणायचे आहे त्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये, दार आपणच बांधावे, हा धडा त्यांच्या शिष्यांनी घेतला. टिळक-आगरकरांनी तो राजकारणात आणि समाजकारणात वापरला. हरिभाऊंनी तो गोष्टीसाठी वापरला.

त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून येऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या लेखनाची प्रेरणा होती. रेनॉल्ड्स तेव्हा आपल्याकडे फार वाचला जाई. एकविसाव्या वर्षी हरिभाऊंनी त्याच्याकडून कथानकाची ओढ घेतली आणि ती पुण्याच्या घराघरांतल्या माणसांवर बसवून पाहिली. पण पत्र दुसऱ्याचे होते. पाच वर्षांनी, १८९० मध्ये, त्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचे नाव ‘करमणूक’.

दर आठवड्याची गोष्ट

नाव फसवे आहे. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ पासून निघत होता, ‘केसरी’ त्याहून आधीपासून. ही पत्रे वादविवादाच्या भाषेत जे सांगत होती ते घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बायकांना, गोष्टीच्या रूपाने सांगावे, अशी हरिभाऊंची धारणा होती. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी ‘आजकालच्या गोष्टी’ असे एक सामाईक नाव दिले होते. कादंबरी हा बाणभट्टाच्या ग्रंथावरून आलेला भारदस्त शब्द हाताशी असताना त्यांनी घरगुती ‘गोष्ट’ निवडली. ओटीवर, माजघरात, रात्री दिव्याजवळ जी सांगितली जाते ती गोष्ट.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळातली. याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे पेटलेले होते. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. सभा, पत्रके, अग्रलेख यांत सगळीकडे मुलीविषयी बोलले जात होते. बोलणारे बहुतेक पुरुष होते. अशा वेळी हरिभाऊंनी यमूला स्वतः बोलायला लावले. तिचे बालपण, तिचे सासर, तिचे वैधव्य, शेवटी तिच्या मनाविरुद्ध झालेले केशवपन हे सगळे ती ‘मी’ म्हणून सांगते.

पुरुष लेखकाने बाईचा आवाज घेणे ही निवेदनाची युक्ती म्हणून आज आपण शिकवतो. मला वाटते ती छापण्याच्या जागेतून सुचलेली गोष्ट होती. साप्ताहिक घरात येणार, कोणीतरी मोठ्याने वाचणार, स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी बसून ऐकणाऱ्या बायकांना ते कळायला हवे. ऐकणारी जर यमूच्याच वयाची, यमूच्याच घरासारख्या घरातली असेल, तर तिच्याशी बोलायला यमूच हवी.

पुस्तकाच्या रूपात हरिभाऊ वाचणाऱ्याला ते पाल्हाळिक वाटतात. मलाही पहिल्यांदा वाटले. मागे सांगितलेले पुन्हा सांगतात, मध्येच थांबून वाचकाशी बोलतात, एखाद्या सणाचे किंवा भांडणाचे वर्णन पानेच्या पाने चालते. मग एकदा मी मुद्दाम ‘पण लक्षात कोण घेतो’ आठवड्याला एकच प्रकरण अशा रीतीने वाचायला घेतली. गुरुवारी एक प्रकरण, मग थेट पुढच्या गुरुवारी. तेव्हा जे पाल्हाळ वाटले होते ते गरजेचे वाटू लागले. आठ दिवसांत नावे विसरतात, नाती विसरतात, कोण कोणावर का रागावले होते ते विसरते. लेखक बोटाला धरून मागच्या वळणापर्यंत परत नेतो आणि मग पुढे चालू लागतो. कीर्तनकार उत्तररंगाला लागण्यापूर्वी पूर्वरंगाचा धागा हातात घेतो, तसेच हे. देहूत वाढलेल्या माणसाला ते ओळखता यायला हवे होते. मला उशिरा ओळखता आले.

दुसरा परिणाम प्रकरणाच्या घडणीवर झाला. प्रत्येक आठवड्याला वाचकाच्या पदरात काहीतरी पडलेच पाहिजे, म्हणून बहुतेक प्रकरणांत एक घटना पुरती घडते. आणि ती घडताना पुढच्या घटनेचे बी पेरले जाते. आज मालिका लिहिणारे हेच करतात. ‘करमणूक’मधल्या त्यांच्या स्फुट गोष्टीही याच शिस्तीत तयार झाल्या, एका अंकात संपणारी, रोजच्या जगण्यातली छोटी गोष्ट मराठीत रुजली ती त्यांच्यामुळे.

पहिली वाचक

हरिभाऊ आपला मालक, संपादक आणि लेखक असे तिन्ही होते. मग त्यांना टोकणारे कोणीच नव्हते का? एक होते. काशीबाई कानिटकर. १८६१ चा जन्म, लग्नानंतर चोरूनमारून वाचायला शिकलेल्या. १८८९ मध्ये त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. हरिभाऊ आणि काशीबाई यांचा स्नेह भावाबहिणीसारखा होता आणि लेखनाविषयी त्यांचे मोकळेपणाने बोलणे चाले. यमूच्या तोंडी जी भाषा आहे, जी माजघराची बारीक माहिती आहे, ती एका पुरुषाला कुठून मिळाली याचे उत्तर शोधताना या स्नेहाकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

पण काशीबाईंच्या स्वतःच्या कादंबऱ्यांचे काय झाले? ‘रंगराव’ पुस्तकरूपाने आली १९०३ मध्ये. ‘पालखीचा गोंडा’ आली १९२८ मध्ये, हरिभाऊ जाऊन नऊ वर्षे झाल्यावर. तेव्हा काशीबाई सत्तरीकडे झुकल्या होत्या. त्याच वर्तुळात वावरणाऱ्या, त्याच विषयावर लिहिणाऱ्या, पण स्वतःचे पत्र नसलेल्या बाईला दोन पुस्तकांमध्ये पंचवीस वर्षे लागली. दार स्वतः बांधण्याचा सल्ला सर्वांना सारखाच लागू पडत नाही, हे या दोन सालांतून दिसते.

अपुऱ्या गोष्टी

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ‘यशवंतराव खरे’, ‘मी’, ‘उषःकाल’ या मोठ्या कादंबऱ्या १८९२ ते १८९७ या पाच-सहा वर्षांत एकमेकींच्या पाठोपाठ, काही काळ तर एकाच वेळी, लिहिल्या गेल्या. एकीकडे भावानंदासारखा ध्येयवादी तरुण, दुसरीकडे शिवकाळ. हा झपाटा थक्क करणारा आहे. पण त्यांच्या कादंबऱ्यांची यादी नीट पाहिली की ‘अपूर्ण’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ‘गणपतराव’ अपूर्ण. ‘आजच’ अपूर्ण. ‘मायेचा बाजार’ अपूर्ण. १९१३ मध्ये सुरू केलेली ‘कर्मयोग’, १९१७ मध्ये ‘करमणूक’ थांबली तेव्हा, अपूर्णच राहिली. ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ गेले.

कारणे उघड आहेत. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत हस्तलिखितांच्या जतनासाठी आणि छपाईसाठी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या आनंदाश्रमाचा कारभार हरिभाऊंकडे होता. तो त्यांनी अखेरपर्यंत सांभाळला. प्लेगच्या साथीत त्यांनी रोग्यांसाठी काम केले. पुणे नगरपालिकेत वर्षानुवर्षे राबले, तिचे अध्यक्षही झाले. एवढ्या व्यापात दर आठवड्याला अंक भरायचा. एखादी गोष्ट मागे पडणारच.

पण एवढ्यावर माझे समाधान होत नाही. चार्ल्स डिकन्सही साप्ताहिके चालवत होता, त्यातच आपल्या कादंबऱ्या छापत होता, आणि त्याचाही व्याप लहान नव्हता. त्याची एकच कादंबरी अपुरी राहिली, ‘एडविन ड्रूड’, तीही १८७० मध्ये मृत्यू आडवा आला म्हणून. फरक कुठे होता? डिकन्सभोवती पैसे गुंतवलेले प्रकाशक होते, हस्तलिखित वाचणारा फॉर्स्टरसारखा मित्र होता, आणि शेवट झाला नाही तर नुकसान होणारी एक मोठी यंत्रणा होती. हरिभाऊंचे नुकसान फक्त हरिभाऊंचे होते. ‘ही आधी पूर्ण करा, मग नवी घ्या’ असे अधिकाराने सांगणारा माणूस ‘करमणूक’च्या कचेरीत नव्हता, कारण ती खुर्ची त्यांची स्वतःची होती.

हे माझे अनुमान आहे आणि ते कोणी खोडून काढले तर मी ऐकायला तयार आहे. पण स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, नकार देणारा कोणी नसला की सुरुवात सोपी होते आणि शेवट अवघड होतो.

नंतरची दारे

हरिभाऊंच्या हयातीतच चित्र बदलू लागले होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. वाचक आता हातात धरला आहे तो अंक त्याच वंशातला. दुसऱ्यांचे लेखन मागवणारा, निवडणारा, सजवणारा संपादक ही नवी जात त्यातून घडत गेली. १९३१ मध्ये ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ आले आणि कथानक कसे रचावे, गुंतागुंत कशी वाढवावी, उकल कुठे करावी हे शास्त्रासारखे शिकवले जाऊ लागले. त्या फूटपट्टीने मोजले तर हरिभाऊ सैल वाटणारच. ती फूटपट्टी एका बैठकीत वाचायच्या पुस्तकाची होती. हरिभाऊंचे माप आठवड्याचे होते.

पुढे ‘सत्यकथा’ने, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात, संपादनाची वेगळीच उंची दाखवली. कथा ‘साभार परत’ येई, पण काय खटकते हे सांगणारे पत्र येण्याची आशाही असे. त्या पत्रांवर लेखक घडले. तिथे खेड्यापाड्यांतून आलेल्या लेखकांना जागा मिळाली हे खरे. त्याच दारातून आपल्याला आत घेतले जात नाही असे वाटणाऱ्या तरुणांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची होळी केली, हेही खरे. मग त्यांनीही हरिभाऊंचाच मार्ग धरला आणि स्वतःची लघुनियतकालिके काढली. त्यांतली बरीच काही अंकांनंतर बंद पडली. ‘सत्यकथा’ही १९८२ मध्ये थांबली. दाराशी राखणदार हवा की नको, हा वाद आपल्याकडे अशा रीतीने दोन्ही बाजूंनी लढून झाला आहे.

अप्पा बळवंत चौकात

आनंदाश्रमाची वास्तू अप्पा बळवंत चौकाजवळ आहे. आज हाच चौक पुण्यातल्या पुस्तकांचा बाजार. गुरुवारी ग्रंथालयातून निघालो की मी तिथून एक फेरी मारतो. दुकानांच्या फळ्यांवर स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांचे ढीग असतात. ‘पण लक्षात कोण घेतो’ विचारली तर मिळते, अजून. तिथे उभे राहून माझ्या मनात नेहमी माझ्या माळ्यावरची गोणपाटे येतात.

नऊ वर्षांपूर्वी, दुसरी कादंबरी ज्या प्रकरणावर अडली त्याच सुमारास, रात्रपाळीत माझ्याबरोबर लातूरकडचा एक कंत्राटी मुलगा होता. त्याने माझी लिहिलेली पाने मागून नेली आणि चार दिवसांत वाचली. कँटीनमध्ये जेवताना त्याने विचारले, “काका, पुढं त्या बाईनं काय केलं?” मी म्हणालो, अजून लिहिले नाही. तो म्हणाला, “मग दिलं कशाला वाचायला?” त्याचे कंत्राट संपले, तो दुसरीकडे गेला. त्या रात्री मला तो उद्धट वाटला होता. हरिभाऊंच्या अपुऱ्या कादंबऱ्यांची यादी करताना मला त्याचे वाक्य आठवत राहिले. ‘कर्मयोग’ चार वर्षे दर आठवड्याला ऐकणाऱ्या कुठल्यातरी घरातल्या बाईनेही असेच म्हटले असेल.

तुकोबांना संताजी मिळाले, हरिभाऊंना काही अंशी काशीबाई मिळाल्या. मी मात्र इतकी वर्षे छापणाऱ्याच्या शोधात होतो, आणि शेवट मागणारा माणूस कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून जेवत होता. या ज्येष्ठात, पालखी देहूतून निघाली त्या दिवशी गावात गर्दी होती आणि घरात मी एकटा. मी त्या मुलाचा नंबर शोधून फोन लावला. तो आता रांजणगावला कायम झाला आहे, त्याला दोन मुले आहेत. पाने त्याला आठवत होती, बाईचे नावही आठवत होते. उरलेली प्रकरणे एकेक करून पाठवू का, असे मी विचारले.

“नको काका,” तो म्हणाला. “आधी शेवट लिहा. मग सगळं एकदम पाठवा.”

अकरावे प्रकरण झाले आहे. बारावे चालू आहे.